तहान एक, मापे दोन



नळ सोडला की पाणी येते. ते कोठून येते, हा प्रश्न शहरात सहसा विचारला जात नाही. नवी मुंबईत तो विचारलाच पाहिजे. महापालिकेला पाणी पुरवणारे मोरबे धरण खालापूर तालुक्यात धावरी नदीवर आहे. सिडको खारघर, उलवे, द्रोणागिरी येथे जे पाणी देते, ते पेण तालुक्यातील हेटवणे धरणाचे. हेटवणे मुळात शेतीच्या सिंचनासाठी बांधले गेले. त्याच पेणच्या खारेपाटातील गावांनी मात्र वर्षानुवर्षे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली.

हा निसर्गाचा कोप नव्हे. कोकणात पाऊस थोडा पडत नाही. प्रश्न वाटपाचा आहे. शहरी नियोजनात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरले जाते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी ५५ लिटर धरले. भुयारी गटारांमुळे शहराला पाणी अधिक लागते, असे उत्तर मिळेल. ते खरेही आहे. परंतु ज्याच्या नदीवर धरण, त्याच्याच हंड्यात सर्वांत शेवटी पाणी, हा न्याय त्यातून सिद्ध होत नाही.

महाराष्ट्राने निराळा मार्ग पाहिला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली. तेथे पाण्याचा वाटा जमिनीच्या मापाने नव्हे, तर कुटुंबातील माणसे मोजून ठरला. भूमिहीनालाही हक्क मिळाला.

शहराने काटकसर करावी, हे आपण सांगतोच. पण वाचलेले पाणी गावाला मिळणार की नव्या इमल्यांना, हे विचारल्यावाचून तो उपदेश अपुरा आहे. कोपरखैरणे व ऐरोली येथे शुद्ध केलेले सांडपाणी कारखान्यांना देण्याची सोय झाली आहे. त्यामुळे जितके गोडे पाणी सुटेल, त्याचा जाहीर हिशेब मागा. गळतीचा हिशेब मागा. मूळ गावांतील तळी व विहिरी गाळ, सांडपाणी आणि अतिक्रमण यांपासून राखण्यासाठी ग्रामस्थांबरोबर उभे राहा.

सिडकोच्या स्थापनेपासून, म्हणजे १९७० पासून, या शहरासाठी ९५ गावांची जमीन गेली. आता शहराच्या तहानेपायी आणखी गावांचे पाणी जाऊ नये. धरणाखालच्या गावाचा हंडा आधी भरेल, असा ठराव नवी मुंबईकरांनीच प्रथम केला, तर शहर आणि गाव एका लढ्यात उभे राहतील.