बंद झालेली वाट

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



रस्ते हा विषय इंजिनिअरांचा, आपला नव्हे, असं मलाही वाटायचं. पुण्याच्या एका उपनगरातल्या वस्तीत काम करताना तो समज गेला. तिथल्या घरकामगार बाया शेजारच्या सोसायटीतून पाच मिनिटांत कामावर पोचायच्या. एक दिवस सोसायटीनं मागचं फाटक बंद केलं. आता हमरस्त्यानं वळसा घालून पंचवीस मिनिटं लागू लागली. चार घरी काम करणाऱ्या एकीला एक घर सोडावं लागलं. दुसरीनं मुलीची संध्याकाळची शिकवणीच थांबवली. अंधारात भिंतीच्या कडेनं तिला एकटीला कसं पाठवायचं?

हे एका फाटकापुरतं नाही. कसबा पेठ, सदाशिव पेठ आठवा. गल्लीला गल्ली मिळते, एक वाट अडली तर दुसरी असते. शहर पसरलं तसा बिल्डरांनी शेताचा एकेक तुकडा घेतला, आपल्या प्लॉटपुरते रस्ते केले, भोवती भिंत घातली. ते शेजारच्या रस्त्याशी जोडायचे कुणी? आराखड्यातला जोडरस्ता अनेकदा कागदावरच राहतो. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली, तेव्हा अनेक ठिकाणी इमारती आधीच उभ्या होत्या.

बॅरिंग्टन-ली आणि मिलर्ड-बॉल या संशोधकांनी २०२० मध्ये जगभरच्या रस्त्यांचा अभ्यास मांडला. १९७५ पासून जगाच्या मोठ्या भागात नवे रस्ते एकमेकांशी कमी जोडलेले होत गेले, असं त्यांना दिसलं.

भिंत सुरक्षिततेसाठी, असं सांगतात. पण कुणाच्या? मोटारीतल्याला वळसा जाणवतही नाही. कडेवर मूल घेऊन चालणारीला जाणवतो. लांबलचक भिंतीलगत ना दुकान, ना खिडकी, ना हाकेच्या अंतरावर माणूस.

इमारत पाडून नवी बांधता येते. रस्त्याची आखणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते. म्हणून आखणी होतानाच बोललं पाहिजे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार प्रारूप विकास आराखड्यावर ठरलेल्या मुदतीत लेखी हरकती-सूचना देता येतात. त्या देणाऱ्यांत आपल्या बाया किती असतात?

आम्ही बायांना कागद दिला, रोजची वाट काढायला सांगितलं. अडतं तिथे फुली. तो नकाशा घेऊन त्या स्वतः सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना भेटल्या. फाटक आता दिवसा उघडतं. पण ही त्यांची मेहेरबानी आहे, हक्क नव्हे. उद्या पुन्हा कुलूप लागू शकतं. म्हणून पायवाटेच्या मागणीचा अर्ज आम्ही महापालिकेत दिला आहे. तुमच्या वस्तीतही असा नकाशा काढा. फुल्या कुठे पडतात ते पुढच्या बैठकीत एकत्र पाहू.