उत्तर हिमप्रदेशातील कीटकसृष्टी : जातींची गणना आणि नात्यांचा शोध

(भाषण)



उत्तर ध्रुवाजवळचा प्रदेश म्हटला की पांढरे अस्वल, हिमनग आणि महिनोन्‌महिने चालणारी रात्र यांचेच चित्र बहुतेकांच्या मनात उभे राहते. त्या चित्रात माशी, डास, पतंग आणि कोळी यांना सहसा जागा नसते. वस्तुतः त्या भूमीवरील सस्तन प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या जाती मोजक्याच आहेत. जातींच्या संख्येने पाहिले तर तेथील प्राणिसृष्टीचा फार मोठा हिस्सा कीटकांचा व त्यांच्या आप्तेष्टांचा आहे. फुलांचे परागीभवन, पानांचा फडशा, मृत वनस्पतींचे व जनावरांचे विघटन, पक्ष्यांच्या पिलांचे पोषण अशी अनेक कामे त्यांच्याकडेच आहेत. या कीटकांचा अभ्यास गेल्या काही दशकांत ज्या पद्धतीने झाला, तिच्यातून निघणारे निष्कर्ष हिमप्रदेशापुरते मर्यादित नाहीत. निसर्गसंपत्तीची नोंद ठेवण्याचे काम ज्यांच्याकडे आहे, अशा सर्वांनाच ते मार्गदर्शक ठरणारे आहेत.

हिमप्रदेशच का?

उष्ण कटिबंधातील एखाद्या अरण्यात कीटकांच्या हजारो जाती असतात व त्यांपैकी कित्येकांना अद्याप नावही मिळालेले नसते. कोण कोणाला खातो, कोण कोणाच्या आधाराने जगतो, हे सारे तेथे उलगडणे जवळजवळ अशक्य होते. उत्तरेकडे जावे तसतशी जातींची संख्या घटत जाते. ती इतकी कमी होते, की एका दरीतील जवळजवळ सर्व जातींची यादी करता येते आणि त्यांच्यातील नातीही तपासता येतात. त्यातच तापमानवाढीचा वेग उत्तर ध्रुवप्रदेशात जगाच्या सरासरीहून कितीतरी अधिक आहे. त्यामुळे हवामान पालटले की जीवसृष्टीची घडी कशी विसकटते, हे तेथे लवकर आणि स्पष्टपणे दिसते.

झॅकेनबर्गची दरी

ग्रीनलंडच्या ईशान्य भागात, सुमारे साडेचौऱ्याहत्तर अंश उत्तर अक्षांशावर, झॅकेनबर्ग नावाचे संशोधन केंद्र आहे. भोवतालचे राष्ट्रीय उद्यान जगातील सर्वांत मोठे असून त्याची स्थापना १९७४ मध्ये झाली. या केंद्रात १९९६ पासून दर उन्हाळ्यात एकाच पद्धतीने नोंदी घेतल्या जातात. ठरावीक जागी पिवळे पेले जमिनीच्या पातळीपर्यंत पुरलेले असतात आणि जमिनीवरून सरपटणारे व फुलांच्या रंगाला भुलणारे कीटक त्यांत पडतात. पेले आठवड्यातून एकदा रिकामे करून त्यांतील जीवांची वर्गवारी व मोजणी होते. बर्फ कोणत्या दिवशी वितळला, पहिले फूल केव्हा उमलले, पक्ष्यांनी अंडी केव्हा घातली, याही नोंदी सोबतच ठेवल्या जातात. हे काम तसे साधे आणि कंटाळवाणे, परंतु त्याचे मोल त्याच्या सातत्यात आहे.

त्या दरीत ड्रायस नावाचे जमिनीलगत वाढणारे सदाहरित झुडूप आहे. त्याची आठ पाकळ्यांची पांढरट फुले सूर्याच्या दिशेने वळतात, त्यांच्या वाटीसारख्या पोकळीत भोवतालच्या हवेपेक्षा थोडी अधिक ऊब साठते व थंडीने गारठलेले कीटक त्या उबेला येऊन बसतात. मधमाशी त्या दरीत नाही. मग या फुलांना बीज धरवते कोण, असा प्रश्न होता. संशोधकांनी ड्रायसच्या फुलासारखी दिसणारी चिकट कृत्रिम फुले ठिकठिकाणी मांडली, त्यांवर चिकटलेले कीटक डी. एन. ए.च्या आधारे ओळखले आणि जवळच्या खऱ्या फुलांत किती बीज धरले हेही मोजले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. फुलांवर येणाऱ्या कीटकांच्या जाती शंभराहून अधिक असल्या, तरी बीजधारणेचा खरा भार घरमाशीच्या कुळातील माश्यांवर, आणि त्यांतही ‘स्पिलोगोना सँक्टिपॉली’ या एका जातीवर होता.

दुसऱ्या एका अभ्यासात झॅकेनबर्गच्या १९९६ ते २०१४ या काळातील पेल्यांत सापडलेल्या माश्यांची मोजणी झाली. याच कुळातील माश्यांची एकूण संख्या त्या काळात सुमारे ८० टक्क्यांनी घटल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. हे दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले म्हणजे चिंतेचे कारण स्पष्ट होते. जातींची नुसती यादी पाहिली असती, तर शंभर पाहुण्यांपैकी एका कुळाची संख्या रोडावल्याने फारसे बिघडणार नाही, असेच कोणालाही वाटले असते. शंभरांपैकी काम कोण करतो हे कळल्यावर मात्र तीच घट गंभीर ठरते.

शत्रू आणि भक्ष्य

परस्परसंबंध केवळ उपकाराचे नसतात. ग्रीनलंड आणि कॅनडाच्या अतिउत्तर भागात जिनेफोरा नावाचा एक केसाळ सुरवंट आढळतो. उन्हाळा इतका आखूड, की पतंग होईपर्यंत त्याला अनेक वर्षे लागतात. आरंभी हा काळ १४ वर्षांचा मानला जाई. पुढील अभ्यासात तो सुमारे ७ वर्षांचा असल्याचे दिसून आले. हिवाळ्यात त्याचे शरीर गोठते, आणि उणे ७० अंश सेल्सिअस तापमानातही तो जिवंत राहू शकतो. अशा या चिवट जीवाला थंडीपेक्षा अधिक भय आहे ते परजीवी माश्यांचे व गांधीलमाशीच्या आप्तांचे. त्यांच्या अळ्या सुरवंटाला आतून पोखरून खातात आणि त्यातच मोठ्या संख्येने सुरवंट मरतात. म्हणूनच ऐन उन्हाळ्यात, चारा असतानाही, तो खाणे थांबवून कोशात दडी मारतो.

अशी लपलेली नाती पूर्वी सुरवंट पाळून, त्यातून कोण बाहेर पडते हे पाहूनच कळत. आता सुरवंटाच्या शरीरातील परजीवीचा आणि परजीवीच्या पोटातील भक्ष्याचा डी. एन. ए. तपासता येतो. झॅकेनबर्ग येथे या सर्व पद्धती एकत्र वापरल्या, तेव्हा केवळ जुन्या पद्धतीने दिसणाऱ्या नात्यांच्या सुमारे तिप्पट नाती उघड झाली. जेथे जाती मोजक्या तेथे जाळे साधे, ही समजूत त्यामुळे मागे पडली.

शिकारीचा दाब पृथ्वीवर कोठे किती, हे पाहण्यासाठी तर अगदी साधी युक्ती योजण्यात आली. हिरव्या प्लॅस्टिसिनचे लहान सुरवंट करून ते पानांवर चिकटवले आणि त्यांवर उमटलेल्या दंशखुणांवरून हल्लेखोर पक्षी, सस्तन प्राणी की कीटक हे ओळखले. ऑस्ट्रेलियापासून ग्रीनलंडपर्यंत ३१ ठिकाणी हा प्रयोग झाला व २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषुववृत्ताजवळच्या सुरवंटाला असलेला धोका उत्तर ध्रुववृत्ताजवळच्या सुरवंटापेक्षा सुमारे आठपट आढळला. हा फरक मुख्यतः मुंग्यांसारख्या लहान शिकाऱ्यांमुळे पडतो. शाळांतील शिक्षकांनी ध्यानात घ्यावे, की हा प्रयोग कोणत्याही खेड्याच्या माळावर विद्यार्थ्यांकडून करवून घेता येण्याजोगा आहे.

पतंग, अरण्य आणि माणूस

कीटकांच्या या व्यवहारात माणसाची उपजीविकाही गुंतलेली असते. नॉर्वे, स्वीडन व फिनलंड यांच्या उत्तर भागात बर्च वृक्षांची अरण्ये आहेत. शरद ऋतूत उडणारा एपिरिटा नावाचा करडा पतंग त्यांच्या फांद्यांवर अंडी घालतो. वसंतात कळ्या फुटतात त्याच सुमारास अळ्या बाहेर येऊन कोवळी पाने खातात. साधारणपणे दर दहा वर्षांनी त्यांची संख्या वाढते व पुन्हा ओसरते. १९६४ ते १९६६ या काळात फिनलंडच्या उत्तर टोकाच्या उत्सयोकी भागात हा उद्रेक इतका तीव्र झाला, की हजाराहून अधिक चौरस किलोमीटर क्षेत्रातील झाडे वठली.

या पतंगाला आवर घालणारी एक शक्ती म्हणजे कडाक्याची थंडी. तापमान उणे ३६ अंशांच्या खाली गेले की अंडी मरतात. म्हणून जेथे थंड हवा साचते त्या दऱ्यांच्या तळाची झाडे पूर्वी वाचत. हिवाळे सौम्य होऊ लागल्याने हे कवच दुबळे झाले आहे. शिवाय पूर्वी तुलनेने उबदार भागातच उपद्रव देणारा ‘विंटर मॉथ’ हा दुसरा पतंगही ईशान्येकडे व अंतर्भागात सरकला. २००० नंतरच्या दशकात या दोघांच्या उद्रेकांनी सुमारे १०,००० चौरस किलोमीटर अरण्याची हानी केली.

वठलेला बर्च बुंध्यातून पुन्हा फुटू शकतो. परंतु त्या प्रदेशातील सामी समाजाचे जीवन रेनडिअरच्या कळपांवर अवलंबून आहे, आणि उन्हाळ्यात हे प्राणी कोवळे धुमारे खातात. जेथे उन्हाळी चराई चालते तेथे अरण्याचे पुनरुज्जीवन खुंटते. जेथे कळप केवळ हिवाळ्यात येतात तेथे धुमाऱ्यांना वाढण्यास अवसर मिळतो. पतंग, थंडी, वृक्ष, जनावर आणि चराईचे नियम हे सारे एकाच साखळीचे दुवे होत. त्यांपैकी एकाच खात्याच्या कक्षेत येणारा दुवा पाहून घेतलेला निर्णय अपुरा ठरतो.

दूरवर पोहोचणारे परिणाम

सैबेरियाच्या तैमिर द्वीपकल्पात ‘रेड नॉट’ हे किनाऱ्यावरचे पक्षी पिले वाढवतात. पिलांचे अन्न कीटकांचे. तेथील बर्फ ३३ वर्षांच्या काळात दरवर्षी सरासरी अर्धा दिवस आधी वितळू लागला, कीटकांचा हंगाम पुढे आला आणि पिले अंड्यांतून निघेपर्यंत भर ओसरू लागला. अपुऱ्या अन्नावर वाढलेली पिले खुजी व आखूड चोचीची निपजली. हिवाळ्यात ती आफ्रिकेतील मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर गेली, तेव्हा चिखलात खोल असलेल्या शिंपल्यांपर्यंत त्यांची चोच पोहोचेना, व त्यांतील अनेक पक्षी जगू शकले नाहीत. २०१६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात उतरणाऱ्या ‘लिटल स्टिंट’सारख्या चिमुकल्या पाहुण्यांची जन्मभूमीही उत्तरेकडील टुंड्राच होय. तेथील माश्या व डास यांच्याशी महाराष्ट्राच्या किनाऱ्याचे नाते आहे, ते असे.

नोंदीचे सातत्य

झॅकेनबर्गच्या पहिल्या दहा वर्षांच्या नोंदींवरून २००७ मध्ये असे दिसले, की फुलोरा, कीटकांचे आगमन व पक्ष्यांची अंडी यांचा काळ दशकामागे सरासरी १४.५ दिवसांनी अलीकडे आला. हा वेग जगभर चर्चिला गेला. नोंदी मात्र थांबल्या नाहीत. २०१८ मध्ये विलक्षण हिमवृष्टी झाली, बर्फ अतिशय उशिरा वितळला आणि बहुतेक वनस्पतींचे व प्राण्यांचे त्या वर्षीचे प्रजनन फसले. पुढे २५ वर्षांच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा आरंभीचा एकाच दिशेचा कल उरला नसल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. त्याची जागा वर्षावर्षातील मोठ्या चढउतारांनी घेतली होती. याचा अर्थ पहिला निष्कर्ष खोटा होता असा नव्हे. त्या दहा वर्षांपुरता तो खराच होता. दहा वर्षांवरून पुढील पंचवीस वर्षांचे भाकीत करू नये, एवढाच त्याचा बोध आहे. दहाव्या वर्षी अनुदान आटले असते, तर हा बोध कधीच हाती आला नसता.

भारतानेही स्वालबार्ड द्वीपसमूहावर २००८ मध्ये ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र उघडले. परंतु या अभ्यासाचा उपयोग करण्यासाठी ध्रुवापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची असून लोक जैवविविधता नोंदवही सिद्ध करणे हे त्या समितीचे प्रमुख कार्य आहे. ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या नोंदवहीच्या कल्पनेचा सातत्याने पुरस्कार केला. नोंदवहीत वृक्ष, पिके, पशू यांची नावे लिहिताना कीटकांचीही पाने असावीत. केवळ नावे न लिहिता कोणता भुंगा किंवा कोणती माशी कोणत्या पिकाच्या फुलावर येते, कोणत्या अळीवर कोणता परजीवी वाढतो, आंब्याला मोहोर कोणत्या आठवड्यात येतो, याही नोंदी व्हाव्यात. आणि वही एकदा पूर्ण करून कपाटात न ठेवता, त्याच जागी, त्याच पद्धतीने, दरवर्षी ती पुढे चालवावी. हे काम गावातील शिक्षक, विद्यार्थी व जाणते शेतकरी करू शकतात. त्यासाठी लागणारी साधने अल्प आहेत आणि चिकाटी मात्र मोठी.

एका ओसाड वाटणाऱ्या दरीत २५ वर्षे पेले पुरून माश्या मोजल्या गेल्या, म्हणून एका लहानशा माशीचे मोल कळले. आपल्या शिवारातील अशाच एखाद्या अनामिक जीवावर कोणत्या पिकाची भिस्त आहे, हे तो नाहीसा होण्यापूर्वी कळावयाचे असेल, तर पहिली नोंद याच हंगामात झाली पाहिजे.