चाक फिरते राहो
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



प्रवासाहून परतताना माणसे साड्या, मिठाई, देवाचा प्रसाद आणतात. आम्ही खेळण्यांतल्या गाड्या आणतो. या छंदाची हकिगत येथे सांगावी, असा कार्यकारिणीचा आग्रह पडला. त्याला मान देऊन चार शब्द बोलतो.

बेंगळूरकर मराठी माणसाला खेळण्यांची दोन गावे जवळची. एक म्हैसूरच्या रस्त्यावर सुमारे ६० किलोमीटरवर असलेले चन्नपट्टण. दुसरे कोकणातले सावंतवाडी. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे, पाट, गंजिफा आणि बैलगाड्या पाहत आमचे बालपण गेले. चन्नपट्टण आम्हांला नोकरीने दाखविले. तेथे ‘आले मर’ म्हणजे आपल्या काळ्या कुड्याचे मऊ, पांढरे लाकूड लेथवर चढवितात. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून अंगभर बसते. मग केवड्याच्या जातीचे वाळलेले पान धरून तिला चकाकी आणतात. लेथवरून उतरते ते गोलच उतरते. म्हणूनच या कारागिराला चाक इतके सहज साधते. या खेळण्यांना २००५-०६ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळाले.

याच रस्त्याने पुढे श्रीरंगपट्टणाजवळ २०२३ साली जुन्या मोटारींचे संग्रहालय उघडले. धर्मस्थळाचे धर्माधिकारी डॉ. वीरेंद्र हेग्गडे यांच्या संग्रहातील गाड्या तेथे आहेत. संग्रहालयाचे नाव ‘पयण’. कन्नडात त्याचा अर्थ प्रवास. पण प्रवासाचे नाव धारण केलेल्या त्या देखण्या मोटारी जागच्या जागी उभ्या! कायद्यालाही हेच मान्य आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. मात्र प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा ठरावीक कारणांखेरीज तिला रस्त्यावर नेता येत नाही. वृद्ध यंत्राला हा नियम शोभतो. आम्ही तोच खेळण्याला लावला, ही आमची चूक.

चन्नपट्टणाहून आणलेली एक लाल मोटार आम्ही बारा वर्षे काचेच्या कपाटात कुलपात ठेवली होती. गेल्या पावसाळ्यात नातवाने हट्टाने ती काढविली आणि जमिनीवर ढकलली. मोटार फरफटत गेली, चाके फिरेनात. दमटपणाने आस फुगून घट्ट बसला होता. आम्ही ती घेऊन चन्नपट्टण गाठले. कारागिराने आस काढला, घासला, पुन्हा बसविला; पैसे घेतले नाहीत. ‘मक्कळु आडली’, म्हणजे मुलांना खेळू द्या, एवढेच म्हणाला. आम्ही खाली मान घातली.

‘मॅचबॉक्स’ मोटारींचा जन्मही मुलाच्याच खिशासाठी झाला. इंग्लंडात जॅक ओडेल यांच्या मुलीला शाळेत आगपेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची मुभा होती. बापाने इवलासा पितळी रोडरोलर करून दिला. त्यातून १९५३ साली तो उद्योग उभा राहिला. आज संग्राहक त्याच मोटारी खोके न उघडता जपतात!

नातू घरी कन्नड-इंग्रजीच अधिक बोलतो. परंतु ती मोटार दुरुस्त होऊन आल्यावर त्याने आमच्यापाशी बसून विचारले, ‘याला काय म्हणतात?’ आस, चाक, आरे, धाव हे शब्द आम्ही कित्येक वर्षांनी उच्चारले. तेही कपाटातच अडकून बसले होते.

म्हणून आमच्या संग्रहातील सर्व खेळणी आम्ही आज मंडळाच्या बालवर्गाला देत आहोत. अट एकच : कुलूप लावू नये. काही मोडतील. मोडोत. चन्नपट्टण दूर नाही.