शेतकरी आमदार : वसंतदादा
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यातील भाषण)

माउलींनो, आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या निमित्तानं मला वसंतदादा पाटलांवर बोलायला सांगितलंय. माणूस मोठा, माझा अभ्यास थोडा. चुकलं तर पदरात घ्या.

दादांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा. गाव सांगलीजवळचं पद्माळे, कृष्णाकाठचं. तान्हेपणीच आई-वडील साथीत गेले, आजीनं वाढवलं. शिक्षण बेताचंच झालं. पण २४ जुलै १९४३ ला हाच शेतकऱ्याचा पोरगा सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडला. गोळीबार झाला, साथीदार हुतात्मा झाले, दादांनाही गोळी लागली.

१९५२ साली ते आमदार झाले, पुढं मुख्यमंत्रीही. पण नजर शेतकऱ्याचीच राहिली. गूळ आपण करायचा आन् भाव व्यापाऱ्यानं ठरवायचा, हे त्यांना सलत होतं. म्हणून गावोगाव फिरून शेअर्स गोळा केले आणि सांगलीचा सहकारी साखर कारखाना उभा केला. ऊस आपला, कारखानाही आपला. स्वतः कॉलेजात न गेलेल्या या माणसानं १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्यामुळं आपली पोरं राज्यातच इंजिनिअर होऊ लागली.

आता खरं बोलतो. दादांनी आपल्याला दोन गोष्टी दिल्या. एक कारखाना आणि दुसरी "पाणी अडवा, पाणी जिरवा" ही शिकवण. बांध घाला, नाला अडवा. पळणारं पाणी चालायला लागेल, चालणारं थांबेल, थांबलेलं मुरेल आणि विहिरीला येईल. एवढं साधं गणित. आपण कारखाना घेतला आणि शिकवण भिंतीवर रंगवून ठेवली. दुसऱ्याला कशाला नावं ठेवू? माझ्याच रानात तीन बोअर आहेत, त्यातली दोन कोरडी. ऊस मात्र अजून पाटपाण्यावरच आहे.

वारीत आपण सांगोल्याच्या माळावरून चालतो. तिथली माउली टँकरच्या पाण्यातला तांब्या आपल्यापुढं धरते. तो तांब्या तोंडाला लावताना मला माझा ऊस आठवतो आन् घोट घशाखाली उतरत नाही.

म्हणून एकच मागणं आहे. शताब्दीची आठवण म्हणून आपल्या ओढ्यावरच्या बंधाऱ्यातला गाळ पुढच्या वारीआधी काढूया. पहिलं घमेलं मी उचलतो. आणि यंदा माझ्या एक एकर उसाला ठिबक करतो, हे पांडुरंगासमोर सांगतो.

रामकृष्ण हरी!