पांघरूण कुणाच्या कामाचं?

पौष लागला. शेतातनं घरी येईस्तोवर बोटं आखडतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा वाण काय लुटायचं, याची बोलणी गटागटांत सुरू झाली असतील. वाणाचं आपण शेवटी बोलूच. आधी बोलू पांघरुणाबद्दल. तुम्ही म्हणाल, अंगावर घ्यायच्या कपड्याचं बोलायचं ते काय? पण आमच्या गटात महिनाभर हाच विषय चालला. का, ते सांगतो.

दिवाळीनंतर आमच्या भागात खता-बियाण्याचं एक दुकान उघडलं. उद्घाटनाला बायांना बोलावलं आणि प्रत्येकीला एकेक ब्लँकेट भेट दिलं. चेनच्या पिशवीत, कोरं करकरीत, लवेचं मऊ. मधोमध दुकानाचं नाव आणि फोन नंबर. आम्ही हसत घरी आलो. आणि मग? बहुतेकींची ब्लँकेटं पिशवीसकट कपाटावर गेली. पाहुण्याला होईल, लेकीच्या आहेराला होईल म्हणून. मासिक बैठकीत विचारलं तर बारा जणींत तिघींनीच पिशवी उघडली होती.

त्या तिघींतली एक आमच्या मावशी. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. त्या दोघींना विचारूनच ही गोष्ट सांगतोय, नाव मात्र सांगत नाही. लेक दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली. बाळाचं वजन भरलं २ किलो १०० ग्रॅम. अडीच किलोच्या आत असलं की ते कमी वजनाचं बाळ. ऊब जपा, दूध पाजत राहा, असं सांगून दवाखान्यातनं घरी सोडलं.

आजीनं ऊब जपण्यात काही कमी ठेवलं नाही. अंगात झबलं, वर एक दुपटं, त्यावर दुसरं दुपटं आणि सगळ्यावर ते नवं ब्लँकेट चार घड्या घालून, पार नाकापर्यंत. दारं-खिडक्या बंद. बाजेखाली निखाऱ्याची शेगडी. आपण सगळ्यांनी हेच पाहिलंय, हेच केलंय.

सातव्या दिवशी आशाताई आल्या. त्यांनी हात धुतले, चोळून कोरडे केले आणि हाताच्या मागच्या बाजूनं आधी बाळाच्या पोटाला, मग तळपायाला स्पर्श केला. पोट कोमट, तळपाय गार. थर्मामीटर लावला तर ९७. नवजात बाळाला निदान ९७.७ तरी हवं. मावशींना खरं वाटेना. म्हणाल्या, “अगं, एवढं गुंडाळलंय, गार कसं पडेल?” आशाताईंनी एकेक थर उलगडला. सगळ्यात आत लंगोट ओला आणि लंगोटाखालचं दुपटंही ओलं. वरचं ब्लँकेट हाताला गरम लागायचं, त्यामुळे आत बघायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

आशाताईंनी ओलं काढलं, बाळ कोरडं केलं. शेगडी बाहेर न्यायला लावली, खिडकी जराशी उघडली. बाळाला कोरडा लंगोट आणि टोपरं घातलं, बाकी उघडं. लेकीला म्हणाल्या, “ब्लाउजची बटणं सोड,” आणि बाळाला तिच्या उघड्या छातीवर उभं टेकवलं. मान एका बाजूला, नाक मोकळं. मग तेच भेट आलेलं ब्लँकेट त्यांनी मायलेकरांच्या दोघांच्या भोवती लपेटलं. तासाभरात तळपाय कोमट झाले आणि बाळ दूध ओढायला लागलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेऊन दाखवलंही. आज ते बाळ छान बाळसं धरतंय.

ब्लँकेट तेच, घर तेच. मग फरक कशानं पडला? बैठकीत आशाताईंनी एक साधी गोष्ट सांगितली. पांघरूण स्वतः गरम नसतं. रात्री दगडावर ब्लँकेट टाकून ठेवा, सकाळी दगड गारच मिळेल. पांघरूण फक्त अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. कपड्याच्या थरांत कोरडी हवा अडकते आणि ती हवा ऊब धरून ठेवते. कपडा ओला झाला की हवेच्या जागी पाणी बसतं आणि पाणी अंगातली ऊब भराभर ओढून घेतं. म्हणून ओल्या लंगोटावर चार ब्लँकेटं घातली तरी उपयोग नाही. आणि बारक्या बाळाच्या अंगात चरबी कमी, ऊब तयार करायची ताकदही कमी. त्याला ऊब द्यायला आईच लागते. पांघरूण फक्त राखण करतं.

आपल्या आज्यांना हे ठाऊकच असणार, कारण शब्दांतच बघा. दोन पदरी ते दुपटं. चार पदरी ती चौघडी. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोरा मारला की झाली गोधडी, कुठं तिलाच वाकळ म्हणतात. त्या थराथरांतली हवाच ऊब राखते. एका जाड पांघरुणापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, ते याचसाठी. गरम झालं की एक काढता येतो, ओला झाला की तेवढाच बदलता येतो. आणि कितीदा धुतलेलं सुती लुगडं बाळाच्या कातडीला लागत नाही, ओल शोषून घेतं. लवेच्या ब्लँकेटचा धागा प्लास्टिकच्या जातीचा. तो ओल पीत नाही, ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतो. म्हणून ते बाळाच्या अंगालगत नको आणि चुलीजवळ तर मुळीच नको.

प्रत्येक पांघरुणाचं काम वेगळं. मेंढीच्या लोकरीचं घोंगडं घ्या. त्याला चिंचोक्याची खळ देतात, त्यानं ते ताठ राहतं. दमट हवेतही लोकर ऊब धरते, म्हणून ते मेंढक्याच्या खांद्यावर असतं आणि राखणीला जाणाऱ्याच्याही. पण बाळाला ते टोचेल. सोलापुरी चादर अंथरायला, पांघरायला बारा महिने चालते. आणि भेटीचं ब्लँकेट? तेही टाकाऊ नाही. म्हाताऱ्या माणसाच्या गोधडीवर टाका, बाळाला छातीशी धरणाऱ्या आईच्या पाठीवर घ्या. फक्त पिशवीत कपाटावर ठेवू नका. आमच्या एकीनं तर त्याचे तुकडे करून दोन जुन्या साड्यांच्या मधे घातले आणि मोठ्यांसाठी जाड गोधडी शिवली. दुकानाचं नाव आत गेलं, ऊब राहिली.

छातीशी धरायची ही रीत फार मोलाची आहे. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरातल्या दवाखान्यात १९७८ साली काचेच्या पेट्या पुरेनात, तेव्हा डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आयांच्या छातीशी दिली. कांगारू पिल्लाला पोटाच्या पिशवीत ठेवतं, त्यावरून तिला कांगारू पद्धत म्हणतात. आपल्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला गावातल्याच बायांना शिकवलं. बाळाची ऊब राखणं हा त्यातला एक मोठा भाग होता, जोडीला दूध पाजणं, स्वच्छता, आजार ओळखून वेळेवर औषध. तीन वर्षांत त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. २०११ पासून देशभर आशाताई घरी येऊन बाळ तपासतात, त्याच्या मागं हे काम आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या येतात. त्यांना दारातनं परत पाठवू नका. बाळ झोपलंय म्हणू नका, उलगडून दाखवा.

आता काही गोष्टी, आज घरी गेल्यावर करण्यासारख्या.

बाळ जन्मल्यावर निदान एक दिवस आंघोळ नको. नुसतं कोरडं पुसा आणि आईच्या छातीशी द्या.

दिवसातनं चार-सहा वेळा पोट आणि तळपाय बघा. दोन्ही कोमट, तर छान. पोट कोमट पण तळपाय गार, तर ओलं काढा, छातीशी धरा. दोन्ही गार असतील, किंवा बाळ दूध ओढत नसेल, मलूल पडलं असेल, तर छातीशी धरूनच दवाखान्याला निघा. १०२ किंवा १०८ ला फोन करा. आणि मानेला, पाठीला घाम आला, अंग तापलं, तर एक थर कमी करून बघा. तरी ताप उतरला नाही तर तेव्हाही दवाखाना.

बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी नको. तिच्यातनं वास नसलेला विषारी वायू निघतो. तो बाळंतिणीला आणि बाळाला झोपेतच धोका करतो.

झोपवताना बाळ उताणं ठेवा. पांघरूण छातीपर्यंत, तोंड कायम उघडं. झोळीत घातलं तरी नाक दिसलं पाहिजे.

पेटीतले बाळाचे जुने कपडे डांबराच्या गोळ्यांत ठेवू नका. त्या वासानंसुद्धा काही बाळांना कावीळ होते. कडुनिंबाचा पाला घाला, आणि वापरायच्या आधी कपडे धुऊन कडक उन्हात वाळवा.

थोरल्या मुलांचंही एक सांगायचंय. दोन-तीन वर्षांचं पोर आईच्या जुन्या साडीची गोधडी सोडत नाही, टोक हातात धरल्याशिवाय झोपत नाही. आपण ओरडतो, फाटलं ते, टाक. आमच्या गटातल्या ज्या बाया ऊसतोडीला जातात, त्यांची पोरं कोपीत झोपतात, नाहीतर मागं आजीपाशी राहतात. गाव बदललं, घर बदललं, तरी त्या तुकड्याला आईचा वास असतो. धुवा, ठिगळ लावा, पण पोराच्या हातातनं काढून घेऊ नका.

आता वाणाचं. दरवर्षी आम्ही प्लास्टिकचे डबे, गाळणी, कंगवे लुटतो. यंदा गटानं ठरवलंय, वाणाचे पैसे एकत्र ठेवायचे. गावात ज्या घरी बाळ येईल, त्या घरी गटाकडनं दोन दुपटी, चार लंगोट, एक टोपरं आणि एक छोटी चौघडी जाईल. कापड जुनंच, सुती, धुतलेलं. शिवण आमची. आणि जाताना नुसतं देऊन यायचं नाही. बाळाचं पोट आणि तळपाय कसे बघायचे, ते आजीला आणि आईला हातानं करून दाखवायचं.

एकीनं विचारलं, “चौघडीवर गटाचं नाव घालायचं का?” बराच वेळ चर्चा झाली. त्या ब्लँकेटवरचं मोठं नाव सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. शेवटी मावशीच म्हणाल्या, “नाव नको गं. ज्या बाळाला पांघरली, त्याचीच ती.” तेच ठरलं.

तुमच्या गटात काय ठरलं, ते आम्हाला जरूर कळवा. आणि आज घरी गेल्यावर कपाटावरची ती पिशवी खाली काढा. तिळगूळ घ्या, गोड बोला. रामराम!