आधी म्हणणं, मग वक्तृत्व
(कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



कॉलेजातल्या मुलींसाठी मी भाषणाची शिबिरं घेते. सुरुवातीला मीही स्पर्धेचंच शिकवायची: हातवारे, आवाजाचे चढउतार, शेवटी टाळीचं वाक्य. मातृत्वाचे गोडवे पाठ म्हणून मुली ढाली आणायच्या. त्यातलीच एक एसटीतल्या छेडछाडीची तक्रार घेऊन प्राचार्यांकडे गेली, आणि तिथे तिच्या तोंडून शब्द फुटेना. चूक तिची नव्हती, माझी होती.

तेव्हापासून क्रम बदलला. आधी गोलात, बसल्या जागी दोन मिनिटं: काय घडलं, कुठे, कोणासमोर. मग तेच उभं राहून. मग आपली मागणी एका वाक्यात. शेवटी एकीने मुद्दाम मध्येच अडवायचं, आणि बोलणारीने 'माझं पूर्ण होऊ दे' असं शांतपणे म्हणायचं. घरची बोली सुधारायची नाही. रडू आलं तर थांबायचं, पाणी प्यायचं, पुढे बोलायचं.

फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. पाठ केलेलं नव्हे, सोसलेलं तिने मांडलं. म्हणून तो आजही वाचला जातो.

आपल्या मुली उद्या ग्रामसभेत, तक्रार समितीपुढे बोलतील. तिथे ढाल मिळत नाही, निर्णय होतो. म्हणून प्रत्येक गटाने जवळचं एक कॉलेज निवडावं, आठवड्यातून एक तास द्यावा. पहिले काही तास आपण फक्त ऐकायचं.