पत्रपेटीतील तोतया

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने जो तोतया उभा राहिला, त्याची हकीकत मराठी माणसाच्या परिचयाची आहे. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकामुळे ती रंगभूमीवरही आली. १७६१ साली भाऊसाहेब रणांगणावर पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयी अनेकांच्या मनात संशय राहून गेला, आणि त्या संशयाच्या आधारावर एका परक्या मनुष्याने भाऊसाहेब म्हणून मानमरातब मिळविला, माणसे जमविली. १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले तेव्हा ते प्रकरण मिटले. या मनुष्यापाशी स्वतःचे असे काहीच नव्हते. नाव भाऊसाहेबांचे, आणि त्या नावाविषयी लोकांच्या मनात असलेली माया, एवढेच त्याचे भांडवल. भाऊसाहेबांविषयी ज्यांना आस्था नव्हती, त्यांना तो फसवू शकला नसता.

एखाद्याचे ई-मेलचे खाते बळकावून त्याच्या इष्टमित्रांकडे पैसे मागणारा भामटा आज हाच धंदा करीत असतो. ‘खाते हॅक झाले’ असे कानी पडले म्हणजे पत्रांची चोरी झाली अशी सामान्यतः समजूत होते. वस्तुतः पत्रांत त्याला फारसा रस नसतो. त्याला हवी असते ती पत्रे लिहिणाराची पत.

इंदूरचे एखादे निवृत्त प्राध्यापक डोळ्यांपुढे आणावे. चाळीस वर्षांत शिकविलेले विद्यार्थी आणि जोडलेले स्नेही पुणे, बडोदे, हैदराबाद, दिल्ली असे विखुरलेले, दोघेतिघे अमेरिकेतही. पोस्टकार्डांचा व्यवहार मागे पडला तेव्हा या सर्वांचे पत्ते ई-मेलच्या एका खात्यात गोळा झाले. एके दिवशी सकाळी बडोद्याच्या स्नेह्यांचा फोन येतो, “काय हो प्राध्यापक, भाच्याचे ऑपरेशन पार पडले ना? पैसे वेळेवर पोचले ना?” भाचा नागपुरात ठणठणीत असतो. मग हळूहळू उलगडा होतो. आदल्या रात्री प्राध्यापकांच्याच खात्यावरून साठ जणांना पत्र गेले होते: भाच्याला अपघात झाला आहे, रुग्णालयात असल्यामुळे फोनवर बोलता येत नाही, पन्नास हजार रुपये अमुक खात्यावर तातडीने पाठवावेत, चार दिवसांत परत करतो. साठांपैकी बहुतेकांनी ते पाहिलेच नाही. काहींना संशय आला. काहींनी ‘उद्या बघू’ म्हटले. ज्यांनी क्षणाचाही विलंब न लावता पैसे पाठविले, ते बडोद्याचे स्नेही प्राध्यापकांचे सर्वांत निकटचे. या चोरीची क्रूरता येथे आहे. जो परका आहे तो सुरक्षित राहतो, आणि जो जिवाभावाचा आहे तो लुबाडला जातो. पैशाचे नुकसान बडोद्याला होते आणि शरमेने मान खाली जाते ती इंदूरला, वास्तविक दोघांचाही अपराध नसताना.

या पत्राचा मजकूर काळानुसार बदलत आला आहे. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस त्यात बहुधा लंडन असे. पत्रलेखक सहलीला गेलेला असे, त्याला रस्त्यात लुटलेले असे, पासपोर्ट गेलेला असे आणि हॉटेलचे बिल थकलेले असे. आयुष्यात कधी मुंबईपलीकडे न गेलेल्या गृहस्थांच्या नावेही अशी लंडनची पत्रे फिरली. पण मूळ कल्पना फार जुनी आहे. तुरुंगातले कैदी बाहेरच्या सधन लोकांना गुप्त धनाच्या गोष्टी रंगवून पत्रे लिहीत व प्रवासखर्चापुरते पैसे उकळीत, असे फ्रान्सचे प्रसिद्ध पोलीस अधिकारी व्हिदॉक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहून ठेवले आहे. पुढे हाच प्रकार ‘स्पॅनिश कैदी’ या नावाने जगभर गाजला. स्पेनच्या तुरुंगात कोणी धनाढ्य गृहस्थ खितपत पडला आहे, त्याच्या सुटकेला हातभार लावणारास त्याच्या संपत्तीचा वाटा मिळेल, असा त्या पत्राचा आशय असे. १८९८ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याविषयी लिहिले तेव्हाही त्याला जुनीच फसवणूक म्हटले होते. नायजेरियातून येणाऱ्या तशाच पत्रांना तेथील दंडविधानाच्या कलमावरून ‘४१९’ हे नाव पडले. आपल्याकडे अशा माणसाला ‘चारशेवीस’ म्हणतात. दोन देशांच्या कायद्यांत ठकबाजीला इतके शेजारचे आकडे मिळावेत, हा योगायोग गमतीचा खरा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आल्यावर फसवणुकीचे कलम ३१८ झाले, पण ‘अगदी तीनशे अठरा माणूस आहे’ असे अजून कोणी म्हणत नाही.

स्पॅनिश कैदी अनोळखी होता. म्हणून त्याला लोभ दाखवावा लागे. ओळखीच्या माणसाचे नाव हाती आले म्हणजे लोभ दाखवावा लागत नाही, माया पुरते. हा या युगातील फरक होय, आणि तो ई-मेलच्या घडणीमुळे शक्य झाला. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र पाठविले आणि नाव व ठिकाण यांच्यामध्ये ‘अ‍ॅट’चे चिन्ह घातले, तेव्हा त्या जाळ्यावरील मंडळी मोजकी होती. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी या टपालाचे नियम लिहिले. त्यांतही पत्र पाठविणारा खरोखर तोच आहे की नाही, हे पडताळण्याची तरतूद नव्हती. पुढे पडताळणीच्या युक्त्या जोडण्यात आल्या. परंतु त्या पत्ता खरा आहे की नाही एवढेच सांगतात, त्या पत्त्यामागे बसलेला मनुष्य कोण हे सांगू शकत नाहीत. प्रत्यक्ष खाते न फोडताही फार मोठी लूट झालेली आहे. २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियाच्या एका गृहस्थाने तैवानच्या एका पुरवठादार कंपनीचे सोंग घेऊन गूगल व फेसबुक यांच्याकडून १२ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मिळविली. २०१९ साली त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. मोठमोठे हिशेबनीस पदरी असलेल्या कंपन्यांची जेथे ही गत, तेथे बडोद्याच्या स्नेह्यांना भोळे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही.

खाते हाती लागते कसे, हा प्रश्न साहजिक आहे. बहुतेक वेळा कुलूप फोडले जात नाही; किल्ली मागून घेतली जाते. मार्च २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या निवडणूक मोहिमेचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांना ‘कोणी तरी तुमच्या खात्यात शिरू पाहत आहे, परवलीचा शब्द ताबडतोब बदला’ असे पत्र आले. ते गूगलचे असल्यासारखे दिसत होते. कार्यालयातील संगणक सहाय्यकाकडे विचारणा झाली; त्याने ‘हे पत्र खरे आहे’ असे उत्तर दिले. आपल्याला ‘खोटे’ असे लिहावयाचे होते, असे त्याने मागाहून सांगितले. एका उपसर्गाची ती चूक, पण त्यामुळे सारा पत्रव्यवहार त्याच वर्षी ऑक्टोबरपासून जगजाहीर होऊ लागला. लक्षात घेण्यासारखे हे की, चोराने चोराचीच भीती घालून किल्ली मिळविली. दुसरा मार्ग याहून सोपा. एकच परवलीचा शब्द दहा ठिकाणी वापरण्याची सवय सार्वत्रिक आहे. २०१३ साली याहू कंपनीच्या कोठारातून चोरी झाली, तीत तिची सर्व म्हणजे ३०० कोटी खाती सापडली होती असे २०१७ साली उघड झाले. एका दुकानातून गेलेली किल्ली मग घराच्या, कपाटाच्या आणि तिजोरीच्या कुलपालाही लावून पाहिली जाते.

इंदूरच्या प्राध्यापकांनी आता काय करावे? प्रथम खाते खरोखर हातचे गेले आहे की केवळ त्यांच्या नावाशी मिळताजुळता पत्ता कोणी तयार केला आहे, हे पाहावयास हवे. स्नेह्यांना आलेल्या पत्रातील पत्ता अक्षर अक्षर लावून वाचला म्हणजे हे कळते. एखादे अक्षर दुहेरी केलेले असते, एखादा बिंदू अधिक असतो. पत्ता खरा निघाला तर परवलीचा शब्द बदलणे आलेच; परंतु तेवढ्यावर निर्धास्त होणारे पुष्कळ आहेत आणि ते पुन्हा फसतात. भामटा आत असताना काही व्यवस्था करून ठेवतो. स्नेह्यांची उत्तरे मालकाच्या दृष्टीस न पडता परस्पर कचरापेटीत किंवा भलत्याच पत्त्यावर जातील, असे नियम तो खात्यात घालून ठेवतो. खाते परत मिळविण्यासाठी नोंदविलेला फोन क्रमांक व पर्यायी पत्ता बदलून तेथे स्वतःचा घालतो. म्हणून हे नियम शोधून पुसणे, त्या नोंदी पाहणे आणि इतर सर्व यंत्रांवर उघडे असलेले खाते एकदम बंद करणे ही कामे शब्द बदलण्याइतकीच निकडीची असतात. ती शक्यतो दुसऱ्या, विश्वासाच्या संगणकावरून करावीत. घरच्या यंत्रातच हेर बसलेला असेल तर नवा शब्दही त्याला कळावयाचा. त्यानंतर दुहेरी पडताळणी सुरू करावी. खात्यात शिरताच येत नसेल तर कंपनीच्या परतफेडीच्या मार्गाने जावे, मात्र ते नेहमीच्या गावातून व नेहमी वापरातल्या यंत्रावरून, कारण कंपनी ओळख पटविताना याच खुणा पाहते. ‘आम्ही खाते सोडवून देतो, एवढी फी भरा’ असे सांगणारे मदतनीस या वेळी हमखास भेटतात. ते बहुधा पहिल्या चोराचे भाऊबंद असतात.

मित्रांना कळवावयाचे ते फोनने. हे सांगणे क्षुल्लक वाटते, पण घाबरलेला मनुष्य नेमकी उलट गोष्ट करतो. त्याच खात्यावरून ‘आधीचे पत्र माझे नव्हते’ असे सर्वांना लिहितो. चोर अजून आत असेल तर तोही लगेच लिहितो की, ‘ते दुसरे पत्र चोराचे, मी खरोखरच अडचणीत आहे.’ आता साठ जणांनी कोणावर विश्वास ठेवावा? भाऊसाहेबांच्या प्रकरणात निदान माणूस समोर उभा करून ओळखीच्यांना दाखविता येत होता. येथे ओळख पटविण्याचे साधनच चोराच्या हाती असते, म्हणून दुसऱ्या वाटेने जावे लागते. ओळखीचा आवाज ही त्यातल्या त्यात बरी वाट; तरी आता यंत्राने आवाजाचीही नक्कल होऊ लागली असल्यामुळे, येणाऱ्या फोनवर भिस्त न ठेवता आपणच जुन्या क्रमांकावर फोन लावावा हे अधिक बरे.

मराठी पत्रव्यवहाराला येथे एक अनपेक्षित संरक्षण आहे. बडोद्याच्या स्नेह्यांना प्राध्यापक ‘अरे बापू’ असे लिहीत. बनावट पत्राची सुरुवात ‘नमस्कार, आपण कसे आहात?’ अशी होती. पूर्वी अशी पत्रे मोडक्या इंग्रजीत येत आणि तेथेच संशय येई. आता यंत्र बिनचूक मराठी लिहून देते. व्याकरण त्याला साधते, परंतु कोण कोणाला अरे-तुरे म्हणतो, कोणाला ‘अहो’ आणि कोणाला ‘दादा’, हे व्याकरणाच्या पुस्तकात नसते. बापूंनाही तो मायना खटकला होता. संकटात माणूस मायन्याकडे लक्ष देत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. तथापि या संरक्षणावर विसंबणे धोक्याचे. ज्या चोराने जुनी पत्रे वाचण्याचे कष्ट घेतले, त्याला ‘अरे बापू’ही सापडते.

पैसे गेले असतील तर तास मोजावे लागतात. १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविताच ती बँकांच्या यंत्रणेकडे जाते आणि रक्कम ज्या खात्यात पोचली असेल तेथे ती गोठविता येते. ही व्यवस्था २०२१ पासून आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणीचे संकेतस्थळ २०१९ पासूनचे. चोरही हे जाणतो. म्हणून आलेली रक्कम तो भाड्याने घेतलेल्या खात्यांतून तुकड्यातुकड्यांनी पुढे पाठवीत राहतो. तक्रार बापूंनी करावयाची, कारण पैसे त्यांचे. प्राध्यापकांची तक्रार वेगळी, ओळख चोरल्याची. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने आलेली ६६ सी व ६६ डी ही कलमे या दोन अपराधांना लागू पडतात, आणि प्रत्येकाला तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितलेला आहे. लाजेपोटी त्या पत्राचा मागमूस पुसून टाकण्याचा मोह दोघांनाही होतो. ते पत्र हाच पुरावा होय.

भामट्याशी पत्रव्यवहार करून त्याची फजिती करावी, असे काही उत्साही तरुणांना वाटते. त्यात करमणूक असेल, लाभ काही नाही. उत्तर आले म्हणजे पत्ता जिवंत आहे एवढे त्याला कळते. शिवाय पलीकडे कोण बसले आहे, हेही ठाऊक नसते. म्यानमार व कंबोडिया येथील ठकबाजीच्या वसाहतींत नोकरीच्या आमिषाने नेलेली माणसे कोंडून ठेवून त्यांच्याकडून फसवणुकीची कामे करून घेतली जातात. तेथील उद्योग मुख्यतः खोट्या गुंतवणुकीचा आणि खोट्या प्रेमाचा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये अशा सक्तीत अडकलेल्यांची संख्या म्यानमारमध्ये निदान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० असावी, असा अंदाज प्रसिद्ध केला. ‘स्पॅनिश कैदी’च्या पत्रात कैदी काल्पनिक होता, येथे मजकूर काल्पनिक असतो आणि तो लिहिणारा कित्येकदा खराखुरा कैदी असतो. मार्च २०२५ मध्ये भारतीय वायुसेनेच्या विमानांनी थायलंडच्या माई सोत येथून पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणले. त्यांत कोण फसून गेलेला आणि कोण जाणूनबुजून गेलेला, हे ठरविण्याचे काम पुढे तपास यंत्रणांकडे आले.